गूढ पेटी आणि खड्ड्याची नोंद

१९७४ या एका वर्षात एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या तीन गोष्टी घडल्या. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला झाडाची मुळे खणताना एका गावकऱ्याला ब्रॉंझच्या चार वजनदार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथात वर्णिलेली विमाने उडू शकतील का, हे तपासून निबंध प्रसिद्ध केला. आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले. लेखकाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावली की ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर.

या तिन्ही गोष्टी आज एकत्र आठवण्याचे कारण एक जुनी तक्रार आहे. जमिनीत पुरलेली अज्ञात धातूची पेटी, चंद्रावरची काळी शिळा, समुद्रतळावरचे यंत्र अशा प्राचीन गूढ वस्तूंभोवती रचलेल्या विज्ञान कादंबऱ्या वाचून लोक भलत्यासलत्या गोष्टी खऱ्या मानू लागतात, पुष्पक विमानापासून परग्रहवासीयांनी बांधलेल्या पिरॅमिडपर्यंत सगळ्याचे मूळ या वाचनात आहे, सबब अशी पुस्तके मुलांच्या हाती देताना विचार करावा, असे म्हणणारे काही कमी नाहीत. त्यात विवेकवादी मंडळीही असतात, हे जास्त खटकते. ही तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. चांगली गूढवस्तू-कादंबरी वाचकाला पुराव्याची सवय लावते. घोटाळा करतात ती कादंबरीची युक्ती उचलून इतिहासाच्या फळीवर बसणारी पुस्तके.

नारळीकरांचेच उदाहरण घ्या. ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत भौतिकशास्त्राच्या प्रयोगासाठी खोल खड्डा खणताना एक पेटी सापडते. ती आपल्या आधीच्या, आपल्याहून पुढारलेल्या संस्कृतीची असते. आतल्या ज्ञानाच्या आधारे वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि ती संस्कृती नाहीशी का झाली हा प्रश्न कथा पुढे रेटत राहतो. (उत्तर इथे फोडत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद का घालवा?) ‘आपल्या आधी एक प्रगत संस्कृती होऊन गेली’ हे या कादंबरीचे गृहीतक आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांचेही गृहीतक नेमके तेच असते. तरीही याच लेखकाने २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. निम्मी हुशार मुलांची आणि निम्मी मतिमंद मुलांची अशा २०० पत्रिका जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली, त्यांतली बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवून ठरवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. पुरलेली पेटी कल्पिणारे आणि पत्रिका तपासणारे डोके एकच होते, आणि त्यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. कल्पना करायची तर ती कल्पना आहे असे सांगून करायची, आणि दावा करायचा तर तो तपासायला द्यायचा, एवढी शिस्त पाळली की दोन्ही कामे एका घरात नांदतात.

ही शिस्त कादंबरीत कुठे दिसते? वस्तू सापडण्याच्या प्रसंगात. पुरातत्त्वात वस्तूइतकेच, पुष्कळदा वस्तूहूनही जास्त मोल ती कुठे आणि कशी सापडली याला असते. उत्खननात जमिनीची चौकोनांत आखणी होते, दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत न खणता राखली जाते, कारण त्या भिंतीच्या उभ्या छेदात थर वाचता येतात. प्रत्येक थराला क्रमांक, वस्तूची तिन्ही दिशांची मापे, मोजपट्टी ठेवून छायाचित्र, मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर चौकोन, थर, खोली आणि तारीख. चिठ्ठी हरवली की वस्तू उरते, पण तिची साक्ष जाते.

इतके करूनही फसगत होतेच. पुढच्या काळात कोणी धान्यासाठी किंवा कचऱ्यासाठी खड्डा खणला, तर नवी वस्तू जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसते. खड्ड्याची कड मातीच्या रंगातल्या किंचित फरकावरून ओळखावी लागते. ती नजरेतून सुटली की दोनशे वर्षांची वस्तू दोन हजार वर्षांची होते. उंदीर-घुशींची बिळेही हेच करतात. दख्खनच्या काळ्या मातीत तर आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात तिला खोल उभ्या भेगा पडतात, वरच्या लहान वस्तू त्यांत घसरतात आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणूनच ‘अमुक इतक्या खोलीवर सापडले, सबब अमुक इतके जुने’ असे जो बेधडक सांगतो, त्याने कोणाला खणताना पाहिलेले नाही असे समजावे.

आर्थर क्लार्क यांच्या १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ कादंबरीत चंद्रावरची शिळा अशीच रीतसर सापडते. टायको विवराजवळ चुंबकीय पाहणीत विसंगती आढळते, म्हणून तिथे खणले जाते, आणि वस्तूचे तीस लाख वर्षांचे वय आसपासच्या भूस्तरीय पुराव्यावरून ठरते. शिळेच्या बाजू १:४:९ या प्रमाणात आहेत, म्हणजे पहिल्या तीन संख्यांचे वर्ग. लेखक वाचकाला मोजता येतील अशा गोष्टी देतो आणि मगच न कळणाऱ्या गोष्टीकडे नेतो. याच कल्पनेचे बीज असलेली त्यांची लघुकथा १९५१ मध्ये छापून आली. तिच्यात तर चंद्रावरच्या वस्तूचे काम काय, याचे उत्तर निव्वळ अनुमानाच्या रूपात येते. निवेदक ते पटवून देतो, सिद्ध करू शकत नाही, आणि तसा आवही आणत नाही. भीती वाटते ती त्यामुळेच.

कादंबरीकाराने लक्षात ठेवाव्यात अशा आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्या पाळल्याने गूढ कमी होत नाही. धातूच्या पेटीचे वय कार्बन-१४ ने सांगता येत नाही. त्यासाठी एके काळी जिवंत असलेला पदार्थ लागतो. पेटीखालचा कोळसा चालेल, पण तो पेटी पुरतानाचा आहे, आधीच्या शेकोटीचा नाही, हे थरावरून दाखवावे लागेल. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत हात टेकते. ज्या कादंबरीत ‘कार्बन चाचणीत पेटी दहा लाख वर्षांची निघाली’ असे वाक्य येते, तिथे माझ्यासारखा वाचक पुस्तक मिटतो. मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे मोजणारी पद्धत वापरली असती, तर लेखकाला लाखभर वर्षे सहज मिळाली असती आणि पुरण्याचा क्षणही हाती आला असता.

धातू परका आहे हे कसे ठरवायचे? क्ष-किरण प्रतिदीप्तीचे हातात मावणारे यंत्र लगेच उत्तर देते, पण ते पृष्ठभागाच्या अगदी पातळ थराचे. गंज न खरवडता यंत्र लावले तर गंजाचे पृथक्करण मिळते, धातूचे नव्हे. आणि ‘पृथ्वीवर नसलेले मूलद्रव्य’ हा तर जुना, झिजलेला डाव आहे. आवर्तसारणीत मधल्या रिकाम्या जागा उरलेल्याच नाहीत. पृथ्वीबाहेरचे काही ओळखायचे तर समस्थानिकांची प्रमाणे आणि मूलद्रव्यांची जोडी पाहावी लागते. आकाशातून आलेली खरीखुरी वस्तू आपल्याकडे आहे: तुतनखामेनच्या थडग्यातली लोखंडी कट्यार. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणात तिच्यात सुमारे ११ टक्के निकेल आणि थोडे कोबाल्ट आढळले. हे प्रमाण अशनीच्या लोखंडाशी जुळते. कुणा परग्रहवासीयाने ती आणून दिली नाही; आकाशातून पडलेले लोखंड माणसाने ओळखले, ठोकले आणि राजाच्या कमरेला बांधले. कादंबरीसाठी यापेक्षा चांगला कच्चा माल कुठला?

लिपीचेही तसेच. एका रात्रीत अज्ञात लिपी फोडणारा नायक मराठीतही आला आहे, पण सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. त्याचे मोठे कारण साधे आहे: लेख फार छोटे, सरासरी जेमतेम पाच चिन्हांचे, आणि ओळखीच्या भाषेतला समांतर मजकूर अद्याप हाती लागलेला नाही. कादंबरीतली लिपी झटपट वाचली जायची असेल तर लिहिणाऱ्याला ती परक्याने वाचावी असे वाटत होते, हे आधी दाखवले पाहिजे. अंकगणितापासून सुरू होणारा धडा, मग चित्र, मग शब्द. ज्या लेखकाला हे सुचते, त्याची पुरलेली संस्कृती लगेच खरी वाटू लागते, कारण तिला हेतू मिळतो.

१९७४ ची एक चौथी गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी अँटिकिथेरा यंत्रावरचा आपला सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १९०० मध्ये सिमी बेटावरच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ एक बुडालेले जहाज सापडले. त्यातून वर आलेल्या मालात ब्रॉंझचा एक गंजलेला गोळा होता. १९०२ मध्ये त्यात दातेरी चाक दिसले. जहाज बुडाले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. इतकी गुंतागुंतीची दातेरी यंत्रे त्यानंतर हजारावर वर्षे कुठेही दिसत नाहीत. परग्रहवासीयांच्या भक्तांना याहून सोयीची वस्तू मिळणे कठीण.

पण चाकांचे दात मोजले गेले आणि गोष्ट बदलली: ते सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारे यंत्र निघाले. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमास होतात हे बाबिलोनियन आणि ग्रीक ज्योतिर्विदांना ठाऊक होते. तेवढ्याच काळात तारकांच्या पार्श्वभूमीवर चंद्राच्या २५४ फेऱ्या होतात, कारण २३५ मध्ये सूर्याच्या १९ मिळवायच्या. आता २५४ म्हणजे दोन गुणिले १२७, आणि १२७ ही मूळ संख्या. लहान चाकांच्या जोड्या लावून ती साधता येत नाही; १२७ दातांचे चाक घडवावेच लागते. आणि यंत्रात ते चाक आहे. ६४ भागिले ३८, गुणिले ४८ भागिले २४, गुणिले १२७ भागिले ३२: हा गुणाकार घरी करून पाहा, नेमके २५४ भागिले १९ येतात. मागच्या बाजूचे मोठे चाक २२३ दातांचे, तीही मूळ संख्या, आणि २२३ चांद्रमासांनी ग्रहणांची मालिका पुन्हा येते. चंद्र कधी जलद, कधी मंद चालतो, ते दाखवायला एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकते. २००५ मध्ये अथेन्सच्या संग्रहालयात आठ टनांचे क्ष-किरण यंत्र नेऊन गोळ्याच्या आतले छेद घेतले, तेव्हा हे स्पष्ट झाले. त्यात प्राइस यांची भेददर्शी चाकांची, म्हणजे दोन गतींतला फरक काढणाऱ्या चाकांची, कल्पना मोडीत निघाली. त्यांचे मोठेपण त्याने उणावले नाही. त्यांनी आपली मांडणी मोडता येईल अशा स्पष्टपणे केली होती.

यात गूढ संपले का? यंत्राचे ८२ तुकडे आणि ३० चाके उरली आहेत, बाकीचे गेले. ते कोणी बनवले, कोणासाठी, आणि असे दुसरे यंत्र का सापडत नाही, हे प्रश्न तसेच आहेत. दात मोजण्यापूर्वी ‘हे काय आहे?’ एवढा एकच प्रश्न होता. आता निदान डझनभर आहेत, आणि प्रत्येकावर एक कादंबरी होईल.

याउलट ‘वैमानिक शास्त्रा’त वस्तूच नाही. विमान नाही, तुकडा नाही, खड्डा नाही. आहे तो ग्रंथ. बंगळूरच्या अभ्यासकांनी आधी त्याची वंशावळ शोधली. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला मजकूर निघाला. विमानांची चित्रेही त्याच काळातल्या नकाशा काढणाऱ्याकडून काढून घेतलेली. मग त्यांनी आकार, वजन आणि उचल यांचा हिशेब मांडला. त्यांच्या मते वर्णिलेल्यांपैकी एकही विमान उडण्याजोगे नव्हते. हे सगळे छापून चाळीस वर्षे लोटल्यावर, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबईतल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथाही दर काही वर्षांनी नव्या दमाने फिरते. तिच्या मागे त्या काळची भक्कम नोंद कोणी पुढे ठेवत नाही. तळपदे यांच्यावर कोणी उघडपणे कादंबरी लिहिली तर मी ती आवडीने वाचीन.

‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या अभिमानात पूर्वजांचा एक छुपा अपमानही असतो. त्यांनी खरोखर जे केले ते कमी वाटते, म्हणून न केलेले त्यांच्या नावावर चढवले जाते. दिल्लीच्या लोहस्तंभाचे घ्या. सात मीटरच्या वर उंच, सुमारे सहा टन वजन, गुप्तकाळातला. तो का गंजत नाही यावर परग्रहापासून मंत्रापर्यंत सगळी उत्तरे देऊन झाली. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले की लोखंडात फॉस्फरस जास्त, कारण भट्टीत चुनखडी घातली जात नव्हती आणि फॉस्फरस धातुमळीबरोबर निघून जात नव्हता. त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला. एवढा मोठा लोखंडी ऐवज भट्टीतून निघालेले गोळे तापवून, एकमेकांवर ठोकून जोडायचा, हे त्या लोहारांचे काम कुठल्याही मंत्राहून थोर आहे.

आता उलट बाजूचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे. या साहित्यप्रकाराने स्वतःचेही पाय कापून घेतले आहेत. प्रस्तावनेत ‘या पुस्तकातील सर्व कागदपत्रे खरी आहेत’, मुखपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’, मलपृष्ठावर ‘शास्त्रज्ञही ज्याचे उत्तर देऊ शकले नाहीत’: ही भाषा आता मराठी प्रकाशनातही रुळली आहे. प्राचीन देव म्हणजे परग्रहवासी असे सांगणाऱ्या एरिक फॉन डॅनिकेनची पुस्तके मराठीत आली ती इतिहासाच्या वेशात. तीच सामग्री कादंबरी म्हणून आली असती तर भांडण उरले नसते. प्रकाशकांनी अशा ओळी छापणे थांबवावे. विक्रीवर परिणाम होईल, पण थोडा.

शिवाय इथे प्रश्न नुसत्या समजुतीचा नाही. गुप्तधनाच्या नादाने गडकोट, लेणी आणि जुनी देवळे खणली जातात, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे; १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. आपल्या कादंबऱ्यांतला नायक मात्र मूर्ती बॅगेत टाकून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठतो आणि लेखकाला त्यात वावगे दिसत नाही. तोच नायक पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहत खड्ड्यापाशी बसला, तर कथेत ताण वाढेल की कमी होईल, हे लिहून पाहण्यासारखे आहे.

दायमाबादच्या रथाकडे परत जाऊ. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, दोन बैल, आत सोळा सेंटिमीटरचा उभा सारथी. हत्तीच्या चौथऱ्याची चाके हरवलेली. चारही वस्तू मिळून वजन साठ किलोंच्या वर. उत्खनकांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या उत्तरकालीन हडप्पा काळातल्या ठरवल्या. मग धातूच्या पृथक्करणात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघाले, आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असे आर्सेनिकी मिश्रण आढळत नसल्याने पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी त्या ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील असे म्हटले. वाद मिटलेला नाही, आणि मिटत नाही याचे एक मोठे कारण त्या मुळे खणताना हाती आल्या हे आहे. थर पाहून कोणी काढल्या असत्या, तर दीड-दोन हजार वर्षांची ही तफावत कदाचित पडलीच नसती. मराठी विज्ञानकथेला गूढ वस्तू हवी असेल तर ती श्रीरामपूर तालुक्यात सापडलेली आहे, आणि तिचे रहस्य आर्सेनिकात आहे.

शाळांनी काय करावे? नववीच्या वर्गात अशी एखादी कादंबरी लावावी आणि मुलांना एकच काम द्यावे: कथेतली वस्तू सापडली त्या जागेची उत्खनन-नोंद तयार करा. चौकोन, थर, खोली, सोबत मिळालेल्या वस्तू, वय कोणत्या पद्धतीने काढले. जी माहिती लेखकाने दिलेली नाही, ती जागा कोरी सोडायची. कोरे रकाने किती आणि कुठे पडतात, यावरून लेखक वाचकाशी कसा वागला हे मुलांना भाषणाविना कळेल.

सार्वजनिक ग्रंथालयांचे काम त्याहून सोपे आहे. ड्युई वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ आहे, प्राचीन इतिहासाला ९३०, आणि वादग्रस्त ज्ञानासाठी ००१.९ असा स्वतंत्र क्रमांक आधीपासून आहे. परग्रहवासी देवांची पुस्तके ९३० मधून काढून ००१.९ मध्ये ठेवावीत. काढून टाकू नयेत. वाचणाऱ्याला ती मिळाली पाहिजेत. ‘वामन परत न आला’ मात्र ८९१.४६ मध्येच राहू द्यावी.